बातमी वाचून झाल्यावर : बालकांचे संरक्षण आणि प्रसारमाध्यमे



ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्याच मावळ तालुक्यातील कोथुर्णे गावातून सात वर्षांची एक बालिका नाहीशी झाली. दुसऱ्या दिवशी तिचा मृतदेह सापडला. तिच्यावर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला होता. ते दिवस आपण विसरलेलो नाही. कान्हे, कामशेत, वडगाव, पवनानगर, कुठेही जा, लोकांच्या तोंडी तोच विषय होता. वर्तमानपत्रांची पाने, दूरचित्रवाणीवरील बातम्या आणि हातातला मोबाईल त्याच वृत्ताने भरून गेले होते. पुढे मार्च २०२४ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने आरोपीला फाशीची आणि पुरावा लपवण्यास मदत करणाऱ्या त्याच्या आईला सात वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली.

त्या ऑगस्टमधील एका रविवारी पवित्र मिस्सानंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही मुलांना सांगत होतो, "अनोळखी माणसाशी बोलू नका, त्याने दिलेला खाऊ घेऊ नका." तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "पण फादर, तो तर त्यांच्या गावातलाच होता ना?"

आम्ही निरुत्तर झालो. तिने बातमी आमच्यापेक्षा नीट ऐकली होती. आम्ही मोठ्यांनी तीच बातमी वाचली, हळहळलो, संतापलो, आणि मुलांना मात्र जुनाच अपुरा धडा देत राहिलो. या लेखात आपण तिच्या प्रश्नाचा विचार करणार आहोत. बालकांवरील अत्याचाराविषयी समाजाला जागे करण्यात प्रसारमाध्यमांचा वाटा किती, ती कुठे चुकतात, आणि बातमी वाचून झाल्यावर आपले काम कुठून सुरू होते, हे आपण पाहू.

मौनाची जुनी गोष्ट

हा विषय आजचा नाही. पवित्र शास्त्रातील शमुवेलच्या दुसऱ्या ग्रंथाचा तेरावा अध्याय आपण क्वचितच वाचतो. दावीद राजाची कन्या तामार हिच्यावर तिच्या सावत्र भावाने, अम्नोनने, अत्याचार केला. तो बाहेरचा नव्हता. आजारी असल्याचे सोंग करून त्याने तिला आपल्यासाठी काही करून खाऊ घालायला बोलावले, आणि तिला तिथे पाठवले ते खुद्द तिच्या वडिलांनी. तामार गप्प बसली नाही. ती आक्रोश करीत बाहेर आली, डोक्यात राख घातली, अंगावरचे वस्त्र फाडले. पण तिचा सख्खा भाऊ अबशालोम तिला काय म्हणाला? गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे, मनाला लावून घेऊ नको. दावीद राजाला सर्व कळले तेव्हा त्याला फार राग आला. परंतु त्याने केले काहीच नाही.

या अध्यायात आपली किती घरे दिसतात! घरातलाच माणूस, विश्वासाने पाठवलेले मूल, "गप्प राहा" असा सल्ला, आणि रागावून स्वस्थ बसलेला बाप. तामार भावाच्या घरी उद्ध्वस्त होऊन राहिली आणि दोन वर्षांनी त्याच घराण्यात रक्त सांडले. झाकलेले दुःख नाहीसे होत नाही, ते घर आतून पोखरते. तामारचे दुःख राजवाड्यात दडपले गेले, पण शास्त्रकाराने ते लिहून ठेवले. दावीद हा इस्राएलचा लाडका राजा, तरी त्याच्या घरातील हे पाप आणि त्याचे स्वतःचे मौन शास्त्रकाराने लपवले नाही. प्रामाणिक वार्ताहराचे काम यापेक्षा निराळे ते काय?

माध्यमांनी उघडलेली दारे

आपल्या देशात हा विषय बराच काळ कुजबुजीपुरता होता. "असले प्रकार परदेशांत घडतात, आपल्याकडे कुटुंबव्यवस्था आहे," असे अभिमानाने सांगितले जाई. २००७ मध्ये केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने एक पाहणी प्रसिद्ध केली. महाराष्ट्र आणि गोवा यांसह १३ राज्यांतील १२,४४७ बालकांशी त्यासाठी बोलणे झाले होते. त्यांपैकी ५३ टक्क्यांहून अधिक बालकांनी आपल्यावर कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. त्यांत मुलगेही मुलींच्या बरोबरीने होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे, विश्वासाच्या नात्यातले होते. बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती. वर्तमानपत्रांनी हे आकडे छापले तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नाही. तरी आकडे लोकांपुढे आले, आणि "आपल्याकडे असे नसते" हे वाक्य पूर्वीसारखे ठामपणे बोलणे कठीण झाले.

त्याआधी गोव्यात काय घडले तेही आठवावे. मुलांचे आश्रयस्थान चालवणारा आणि समाजात दानशूर म्हणून वावरणारा फ्रेडी पीट्स याला १९९१ मध्ये अटक झाली. त्याच्याकडे मुलांच्या छायाचित्रांचा मोठा साठा सापडला. हे प्रकरण विरून जाऊ नये म्हणून ज्यांनी चिकाटीने पाठपुरावा केला त्यांत पत्रकार शीला बारसे होत्या. तुरुंगात डांबलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या त्याच या शीला बारसे. १९९६ मध्ये पीट्सला शिक्षा झाली, आणि २००३ मध्ये गोवा राज्याने बालकांसाठी स्वतंत्र कायदा केला. एका बातमीने कायदा होत नाही हे खरे. परंतु बातमी पुन्हापुन्हा समोर येत राहिली तर सत्तेला डोळे मिटून घेणे जड जाते.

१३ मे २०१२ या रविवारी 'सत्यमेव जयते' या कार्यक्रमात आमिर खान यांनी हाच विषय घेतला. तो दूरदर्शनवरूनही प्रसारित झाला, त्यामुळे गावोगावच्या घरांत आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांनी तो एकत्र पाहिला. मुंबईचे हरीश अय्यर यांनी आपल्या बालपणी वर्षानुवर्षे चाललेल्या अत्याचाराविषयी उघडपणे सांगितले. त्यांच्या आईही बोलल्या. आपल्या मुलाने सांगण्याचा प्रयत्न केला तेव्हा आपल्याला ते कळले नाही, ही कबुली देणे कोणत्याही आईला सोपे नाही. कार्यक्रमाच्या शेवटी लहान मुलांना जवळ बसवून, शरीराच्या कोणत्या भागांना कोणी हात लावू नये आणि कोणी लावलाच तर काय करावे, हे हसतखेळत शिकवले गेले. जे आईबापांना कसे बोलावे हे सुचत नव्हते त्यांना त्या दिवशी शब्द मिळाले.

त्याच महिन्यात संसदेने बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा मंजूर केला. आपण त्याला 'पॉक्सो' म्हणून ओळखतो. १४ नोव्हेंबर २०१२ या बालदिनापासून तो लागू झाला. अठरा वर्षांखालील प्रत्येक बालकाला, मग तो मुलगा असो वा मुलगी, त्याचे संरक्षण आहे. या कायद्याचे ४३ वे कलम फारसे कोणाला ठाऊक नसते. दूरचित्रवाणी, आकाशवाणी आणि वृत्तपत्रे यांद्वारे या कायद्याची माहिती जनतेला, बालकांना आणि पालकांना नियमित मिळेल अशी व्यवस्था करणे हे केंद्र व राज्य शासनांचे कर्तव्य आहे, असे ते सांगते. लोकांना कळलेच नाही तर कायदा कपाटात राहील, हे कायदा करणाऱ्यांनाही उमगले होते.

१०९८ या क्रमांकाचेही तसेच आहे. संकटातील बालकांसाठीची ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा उपक्रम म्हणून सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. आता ती शासनामार्फत चालते. चाइल्डलाइनने 'कोमल' नावाचा एक छोटा सचित्र चित्रपटही केला. त्याला सर्वोत्तम शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातील कोमलला त्रास देणारा माणूस तिच्या वडिलांचा मित्र असतो, शेजारी राहायला आलेला, खेळकर, सर्वांना आवडणारा. आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर या चित्रपटाने कधीच देऊन ठेवले होते.

ख्रिस्तसभेला मिळालेला धडा

दुसऱ्यांच्या घरांविषयी बोलून आपले घर झाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जानेवारी २००२ मध्ये अमेरिकेतील 'बोस्टन ग्लोब' या वृत्तपत्राने, बालकांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना वरिष्ठांनी एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात कसे पाठवले, हे कागदपत्रांनिशी छापले. त्या वेळी अनेक कॅथलिकांना वाटले की हा ख्रिस्तसभेवरील हल्ला आहे. आमच्यापैकीही काहींना तसेच वाटले होते. आज मागे पाहता मान्य करावे लागते की ज्या बालकांचे रडणे आम्ही ऐकायला हवे होते ते पत्रकारांनी ऐकले.

हे आमचे एकट्याचे मत नव्हे. डिसेंबर २०१८ मध्ये रोमन कुरियापुढे बोलताना पोप फ्रान्सिस यांनी, प्रामाणिकपणे व तटस्थपणे असे गुन्हे उघडकीस आणणाऱ्या आणि पीडितांचा आवाज पोहोचवणाऱ्या पत्रकारांचे मनापासून आभार मानले. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांनी जगभरच्या बिशप परिषदांच्या अध्यक्षांना रोममध्ये बोलावले. त्या सभेच्या आयोजकांत मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस होते, आणि तिथे व्हालेंतिना आलाझराकी या मेक्सिकोच्या ज्येष्ठ महिला पत्रकाराने बिशपांना खडे बोल सुनावले. तुम्ही पीडितांच्या बाजूने असाल तर आम्ही तुमचे मित्र, झाकणाऱ्यांच्या बाजूने असाल तर विरोधक, असा तिच्या बोलण्याचा रोख होता. मे २०१९ मध्ये पोप महोदयांनी नवा नियम दिला : प्रत्येक धर्मप्रांतात तक्रार सहज करता यावी अशी व्यवस्था हवी, आणि अशी गोष्ट कळताच ती वरिष्ठांना कळवणे हे धर्मगुरू व व्रतस्थांचे बंधनकारक कर्तव्य आहे. २०२३ मध्ये हा नियम सुधारून कायम करण्यात आला.

आणि हे सर्व दूर अमेरिकेतच घडते असेही नाही. २०१५ मध्ये मुंबईतील एका चर्चमध्ये तेरा वर्षांच्या मुलावर अत्याचार झाला. डिसेंबर २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने त्या धर्मगुरूला जन्मठेपेची शिक्षा दिली. हे लिहिताना आमची लेखणी अडखळते. तरी आम्ही लिहितो, कारण आपली मुले वेदीसेवक म्हणून, गायकवृंदात आणि धर्मशिक्षणासाठी आमच्याकडे येतात. पालकांनी आमच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवावा अशी अपेक्षा आम्ही करू नये. डोळे उघडे ठेवून ठेवलेला विश्वासच टिकतो. जो कोणी लहानांना अडखळवतो त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेले बरे, असे प्रभू येशू म्हणाले, तेव्हा त्यांनी धर्मगुरूंना त्यातून वगळले नव्हते.

माध्यमे चुकतात तेव्हा

माध्यमांचे ऋण मान्य केले म्हणजे त्यांचे सर्वच खपवून घ्यावे असे नाही.

पहिली चूक म्हणजे पीडित बालकाची ओळख उघड करणे. पॉक्सो कायद्याच्या २३ व्या कलमानुसार बालकाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा, शेजार, किंवा ज्यावरून ते ओळखू येईल असा कोणताही तपशील माध्यमांना देता येत नाही. तरीही जम्मूजवळच्या कठुआ येथील आठ वर्षांच्या बालिकेचे नाव आणि छायाचित्र २०१८ मध्ये देशभर फिरले. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याबद्दल अनेक माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले. त्याच वर्षी ११ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने निपुण सक्सेना खटल्यात स्पष्ट केले की पीडित व्यक्ती मरण पावली तरीही तिची ओळख जाहीर करता येत नाही. मृतांनाही प्रतिष्ठा असते. आपल्या श्रद्धेला हे नवीन नाही. कोथुर्ण्याच्या बालिकेचे नाव या लेखात नाही, त्याचे कारण हेच. मोबाईलवर तिचे छायाचित्र पुढे पाठवणाऱ्यांना वाटले असेल की आपण श्रद्धांजली वाहत आहोत. पण जी गोष्ट वर्तमानपत्राला वर्ज्य, ती आपल्याला कशी चालेल?

दुसरी चूक म्हणजे अफवा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. ते भिक्षा मागून पोट भरणारे भटक्या समाजाचे लोक होते. मुले पळवली जात असल्याचे संदेश त्या दिवसांत मोबाईलवरून फिरत होते. मुलांच्या काळजीपोटी उठलेल्या हातांनी निष्पापांचे रक्त सांडले, आणि त्याने एकही मूल सुरक्षित झाले नाही.

तिसरी चूक सूक्ष्म आहे. भयंकर घटनांना मोठा मथळा मिळतो आणि रोजच्या घटनांना मिळत नाही. त्यामुळे आपली नजर सतत बाहेर वळते, रस्त्यावरचा, परगावचा, परप्रांतातून कामाला आलेला माणूस आपल्याला धोकादायक वाटतो. प्रत्यक्षात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे हेच दिसते की बालकांवरील बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो : शेजारी, नातेवाईक, कुटुंबाचा मित्र, शिकवणारा.

बदलापूरच्या प्रकरणात माध्यमांची दोन्ही रूपे दिसली. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील शाळेत शिशुवर्गातील दोन मुलींवर सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचे पालकांच्या लक्षात आले. गुन्हा नोंदवण्यासाठी त्यांना कित्येक तास ताटकळावे लागले. २० ऑगस्टला संतप्त लोक रेल्वे रुळांवर उतरले. दोन दिवसांत मुंबई उच्च न्यायालयाने वर्तमानपत्रांतील बातम्यांची स्वतःहून दखल घेऊन पोलिसांना आणि शाळेला जाब विचारला. प्रकार कळूनही पोलिसांना न कळवल्याबद्दल शाळेच्या व्यवस्थापनाविरुद्धही गुन्हा दाखल झाला. हे बातमीचे सामर्थ्य. त्याच दिवसांत अफवाही पसरल्या आणि शहरातील इंटरनेट सेवा बंद ठेवावी लागली. पुढच्या महिन्यात आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला, त्यामुळे त्याच्यावरचा खटला शेवटास गेलाच नाही.

दानिएलच्या ग्रंथातील सुसान्नाची कथा येथे मार्ग दाखवते. दोन वडीलधाऱ्या न्यायाधीशांनी निष्पाप सुसान्नावर खोटा आरोप केला आणि सर्व सभेने तो खरा मानला, कारण बोलणारे प्रतिष्ठित होते. तिला मारायला नेत असता तरुण दानिएल मोठ्याने ओरडला. पण तो ओरडून थांबला नाही. त्याने दोघांना वेगवेगळे उभे केले, एकच प्रश्न विचारला, आणि त्यांच्या उत्तरांतला विरोध उघड केला. खऱ्या पत्रकारितेची दोन्ही कामे येथे आहेत. सर्व गप्प असताना आवाज उठवायचा, आणि सर्व ओरडत असताना शांतपणे तपासायचे.

बातमी वाचून झाल्यावर

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलने चर्चिलेला एक प्रश्न आम्हांला फार छळत असे : चांगले काय हे कळत असूनही माणूस ते का करीत नाही? माहिती मिळाली म्हणजे आचरण बदलते असे नाही. आज आपल्यापाशी माहिती उदंड आहे. परंतु बातमी वाचून कोणतेही मूल सुरक्षित होत नाही. मूल सुरक्षित होते ते त्याचे ऐकणाऱ्या आणि ऐकल्यावर उठून काही करणाऱ्या मोठ्या माणसामुळे. माध्यमे दारापर्यंत दिवा आणून देतात. तो घरात आपल्यालाच न्यावा लागतो.

आपल्या धर्मग्रामातील अनेक आईवडील सकाळच्या लोकलने पुण्याकडे किंवा तळेगाव-टाकव्याच्या कारखान्यांत कामाला जातात. मुले शेजारी, आजोळी, शिकवणीला, शाळेच्या गाडीत असतात. सर्वांवर संशय घेऊन संसार चालत नाही, आणि तसे आमचे म्हणणेही नाही. मात्र पुढील गोष्टी प्रत्येक घर करू शकते.

पहिली : मुलांना शरीराच्या अवयवांची नावे संकोच न करता शिकवा. ज्याला नाव नाही त्याविषयी मूल तक्रार कशी करणार? त्याला सांगा की तुझे शरीर देवाने दिलेले आहे, नको वाटणाऱ्या स्पर्शाला "नाही" म्हणण्याचा तुला हक्क आहे, समोर काका असो, सर असोत वा फादर असोत. मोठ्यांना उलट बोलू नये ही आपली शिकवण चांगली, पण तिला हा अपवाद जोडलाच पाहिजे. मुलग्यांनाही हे सांगा.

दुसरी : "हे आपले दोघांचे गुपित" असे जो मोठा माणूस मुलाला सांगतो त्याच्यापासून सावध राहा. चांगल्या भेटवस्तूचे गुपित वाढदिवसापर्यंत टिकते. आईपासून कायमचे लपवायचे असे कोणतेही गुपित नसते, हे मुलाला ठाऊक असू द्या.

तिसरी : मूल एखाद्या ठिकाणी जायला अचानक नकार देऊ लागले, अंथरूण ओले करू लागले, गप्प झाले किंवा चिडखोर झाले, तर रागावण्याआधी विचारा. त्याने काही सांगितले तर पहिले वाक्य "तुझे ऐकले ते बरे झाले, यात तुझी काही चूक नाही" हे असावे. "तू तिथे गेलीसच कशाला?" हे वाक्य तोंडाबाहेर पडू देऊ नका. त्या एका वाक्याने मूल पुन्हा मुके होते.

चौथी : कळवा. पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानुसार, अत्याचार झाल्याचे ज्याला कळले त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला, विशेषतः संस्थेच्या प्रमुखाला, शिक्षा होऊ शकते. सद्हेतूने दिलेली माहिती पुढे सिद्ध झाली नाही तरी देणाऱ्यावर कारवाई होत नाही. पोलिसांची भीती वाटते म्हणून अनेक जण मागे हटतात. त्यांनी हे जाणावे की बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने तो घ्यायचा असतो, अधिकारी गणवेशात नसावा असा नियम आहे, आणि बालकाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. १०९८ किंवा ११२ हे क्रमांक दिवसरात्र चालतात. ते घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा.

पाचवी : मोबाईल सांभाळा. शाळेचा गणवेश, घराचा पत्ता, रोजची वेळ कळेल अशी मुलांची छायाचित्रे सर्वांना दिसतील अशी टाकू नका. बालकांच्या लैंगिक शोषणाचे चित्रीकरण पाहणे किंवा जवळ ठेवणे हाही गुन्हा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात सांगितले आहे. असे काही गटावर आले तर पुढे न पाठवता तक्रार करा.

आमच्याविषयीही थोडे. प्रायश्चित्त संस्काराची गुप्तता धर्मगुरूला कधीही मोडता येत नाही. परंतु अत्याचार सोसलेले मूल तिथे आले तर आम्ही त्याला सांगू की यात तुझे पाप नाही, म्हणून क्षमा मागायची गरज नाही, आणि बाहेर येऊन हेच आईजवळ, सिस्टरांजवळ किंवा आमच्याजवळ पुन्हा बोल. संस्काराबाहेर कळलेली गोष्ट आम्ही लपवणार नाही, मग ती कोणाच्याही विरुद्ध असो. मुलांशी धर्मगुरूने किंवा शिक्षकाने बंद दाराआड एकटे बोलू नये. दार उघडे नसेल तर पालकांनी येऊन ते उघडावे. आम्ही राग मानणार नाही.

शेवटी पुन्हा त्या मुलीकडे येऊ. त्यानंतरच्या रविवारी आम्ही धडा बदलला. तिला सांगितले, "तुझे बरोबर होते. धोका ओळखीच्या माणसाकडूनही असतो. म्हणून माणूस कोण आहे हे पाहू नकोस, तो काय करतो ते पाहा. आणि काही वावगे वाटले तर सांग. एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांग, ऐकणारा मिळेपर्यंत सांगत राहा." तिने मान डोलावली. मग म्हणाली, "आणि तुम्ही ऐकणार ना?"

बंधूभगिनींनो, आपण सर्वांनी मिळून तिला उत्तर द्यायचे आहे.

कुटुंबात व लघु ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. तामारच्या कथेत दावीद, अबशालोम आणि अम्नोनचे सेवक यांपैकी कोणी काय करायला हवे होते? आपण त्यांच्यापैकी कोणासारखे वागतो?

२. गेल्या महिन्यात बालकांविषयीचा कोणता संदेश आपण मोबाईलवर पुढे पाठवला? तो खरा आहे का, हे तपासले होते का? त्यातून एखाद्या बालकाची ओळख उघड झाली का?

३. आपल्या मुलाला एखादी लाजिरवाणी वाटणारी गोष्ट सांगायची असेल तर ते घरात कोणाजवळ जाईल? त्यालाच विचारून पाहा.

४. आपल्या चर्चच्या आवारात, धर्मशिक्षणाच्या वर्गात किंवा सहलीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी काय बदलावे असे वाटते? सूचना लिहून आम्हांला द्याव्यात.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू बालकांना जवळ घेतलेस आणि त्यांना अडवणाऱ्यांवर रागावलास. ज्या लेकरांचे रडणे कोणी ऐकले नाही त्यांचे अश्रू तू पूस. सत्य शोधणाऱ्या व लिहिणाऱ्यांना धैर्य आणि विवेक दे. आम्हां आईवडिलांना, शिक्षकांना व धर्मगुरूंना ऐकणारे कान, खरे बोलणारी जीभ आणि वेळेवर उठणारे पाय दे. आमेन.